पत्र्याखालची दहावी अ

"शाळेला लिफ्ट! आमची घंटा फुटली तवा नवी मागता मागता दोन पावसाळे गेले," शरणम्मा इंदूताईंच्या कानाशी पुटपुटल्या.

लिफ्ट चार माणसांची होती, पण ती चारही माणसं कॉलेजातली असणार असं धरून कुणीतरी ती बनवली असावी. शरणम्मांचं कोपर इंदूताईंच्या बरगडीत होतं, इंदूताईंची पर्स वसंतरावांच्या पोटावर होती, आणि दाराकडे तोंड करून उभी असलेली वर्षाराणी श्वास आत ओढून बटण दाबत होती.

"काही म्हणालात मॅडम?" तिनं मान न वळवता विचारलं.

"न्हाई बाई. लिफ्ट लई झ्याक हाय म्हणले."

वसंतराव मोठ्यांदा हसले. सकाळपासून ते सगळ्यालाच हसत होते. इंदूताईंना त्या हसण्याची धास्ती वाटत होती. नवरा खुशीत असला की त्याला नाही म्हणणं त्यांना संसारात एकदाही जमलं नव्हतं, आणि आज तर त्या नाही म्हणायलाच आल्या होत्या.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागची ही जुनी कन्याशाळा. त्याच्याही आधी, निजामाच्या राज्यात, इथं करोडगिरीचं ठाणं होतं. बैलगाड्या थांबवून मालावरची जकात घ्यायचे. काळ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती, कमानीच्या खिडक्या, मधे चौक. राज्य गेलं, जकात गेली, मग गावातल्या चार शहाण्यांनी संस्था काढून तिथं मुलींची शाळा सुरू केली. इंदूताई नांदेडहून लग्न होऊन लातूरला आल्या त्या याच शाळेत मराठी शिकवायला लागल्या. वसंतराव इथंच गणित शिकवत. शरणम्मा उदगीरच्या, त्या शिवणकाम शिकवत आणि उरलेल्या वेळात अख्ख्या शाळेला धाकात ठेवत. पुढं शाळा आटत गेली. मुख्याध्यापिका म्हणून शेवटचं कुलूप इंदूताईंनीच लावलं. संस्थेनं इमारत विकली, बिल्डरनं दगड तसाच ठेवून वर एक नवा मजला चढवला, वर्गांचे फ्लॅट पाडले आणि फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलं, 'दगडी हेरिटेज'.

वर्षाराणी त्या बिल्डरची माणूस. फ्लॅट दाखवायचे, गिऱ्हाईक गुंतवायचं, हे तिचं काम. खाली ऑफिसात तिनं वसंतरावांना बघितलं आणि खुर्ची मागं सारून सरळ पायाच पडली.

"सर, ओळखलं नाही ना? तुमच्याच क्लासची मी. दोन हजार सहाची बॅच. मागच्या बाकावर बसायचे."

"अरे वा! मग? कुठं लागला नंबर?"

"मेडिकलला नाही लागला सर. इंजिनिअरिंग केलं. मग हे."

"छान, छान," वसंतराव म्हणाले. नंबर न लागलेल्या मुलांना ते वर्षानुवर्षं असंच छान, छान म्हणत आले होते. मुलगी मात्र गोड हसली. तिला त्या छानची सवय होती.

लिफ्टचं दार उघडलं आणि चौघं पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात आले. शरणम्मांनी कपाळावरची विभूती पदरानं पुसली जाऊ नये म्हणून जपून घाम टिपला आणि जिन्याकडे बघून हळहळल्या. मुलींच्या पायांनी मधोमध झिजलेल्या त्या दगडी पायऱ्यांवर आता चकचकीत ग्रॅनाइट बसवला होता.

"घसरून पडायची सोय केली बघा. म्हणून मग लिफ्ट."

"शरणम्माबाई, तुम्ही बदलला नाहीत," वसंतराव म्हणाले.

"बदलून करू काय सर? साइज त्योच हाय, कापड तेवढं जुनं झालं."

इंदूताईंनीच हट्टानं शरणम्मांना बरोबर आणलं होतं. एकटीनं त्या व्हरांड्यात पाऊल टाकायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शाळा बंद झाली तेव्हा इंदूताई निवृत्तीला टेकल्या होत्या, त्यांचं निभावलं. शरणम्मा मात्र 'अतिरिक्त' ठरल्या. सरकारनं त्यांना पार नांदेडपलीकडच्या मुदखेडच्या शाळेत नेऊन बसवलं. नोकरीची शेवटची वर्षं त्या बाईनं स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत, रेल्वेच्या घोषणा ऐकत काढली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं विचारणारंही कुणी नव्हतं. सुट्टीला लातूरला आल्या की इंदूताईंकडे यायच्या, मुदखेडच्या गमती सांगायच्या, आणि शाळा का बंद पडली यावर कधी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

तसं ते घरात कुणीच बोलत नसे. सगळ्यांना माहीत होतं की वसंतरावांचे क्लास वाढले तशी शाळा रिकामी झाली. नांदेडला प्राध्यापक असलेली लेक देविका, जावई, शेजारीपाजारी, सगळ्यांना. पण वसंतरावांचे क्लास ही पुण्याई होती, त्यावरच घर उभं राहिलं होतं, लेक शिकली होती. आणि त्या पुण्याईची एक गोष्ट होती, जी दरवर्षीच्या गुणगौरव समारंभात सांगितली जायची, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापली जायची. 'भूकंपानं शाळेची इमारत धोकादायक झाली, तेव्हा सरांनी मुलींना आपल्या अंगणातल्या पत्र्याखाली घेतलं.' टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेत बसलेल्या इंदूताई पदर सारखा करायच्या.

आता ते क्लासही राहिले नव्हते. बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्या लातुरात आल्या, वातानुकूलित हॉल घेतले, चौकाचौकांत मुलांचे फोटो लावले. त्यांच्यापुढं वसंतरावांचे क्लास जुन्या पिठाच्या गिरणीसारखे दिसायला लागले. हृदयात स्टेंट बसल्यावर त्यांनी ते बंद केले. आणि रिकाम्या हातांनी घरी बसल्यावर त्यांना हे सुचलं. शाळेतला फ्लॅट घ्यायचा. कुठलाही नाही, दहावी अ चा वर्ग.

"इंदूला भेट," ते देविकाला फोनवर म्हणाले होते.

महिनाभर इंदूताई आडवळणं घेत राहिल्या. दक्षिणेला दार आहे म्हणाल्या. ते नाही जमलं तेव्हा पाण्याचं काढलं. लातूरकराला रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून पाण्याचं कारण कुठंही चालतं. मग समोरच्या होस्टेलच्या पोरांच्या मोटरसायकली काढल्या. शेवटी देविकानंच झापलं, "आई, बाबा इतकं मनापासून करून राहिले, तू का अडून बसलीस? कारण तरी सांग."

कारण सांगायचं तर ते त्र्याण्णवच्या दिवाळीपासून सांगायला लागलं असतं. म्हणून इंदूताई म्हणाल्या, "बघून तर येऊ."

"हा बघा सर आपला फ्लॅट," वर्षाराणीनं दार उघडलं.

दहावी अ चा वर्ग आता बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली असा कापून वाटला होता. छत उंच होतं म्हणून अर्ध्यात लाकडी माळा काढला होता. फळ्याच्या जागी ओटा आला होता. ओट्यावर कुणीतरी दाखवण्यापुरती ठेवलेली प्लास्टिकची लिंबं होती.

शरणम्मांनी एक लिंबू दाबून बघितलं. "शिवा शिवा."

"इथं मी उभा राहायचो," वसंतराव ओट्याशी जाऊन म्हणाले. "आणि तू, इंदू, त्या खिडकीशी. कविता शिकवताना तू कधी फळ्याकडे यायचीच नाहीस. मुली सांगायच्या मला, बाई बाहेर बघून शिकवतात."

"बाहेर कडुलिंब होता," इंदूताई म्हणाल्या.

"तो पार्किंगसाठी काढावा लागला मॅडम," वर्षाराणी घाईघाईनं म्हणाली. "पण कुंड्या देणार आहोत आम्ही. आणि पाण्याची काळजी नको, स्वतःची बोअर आहे, चोवीस तास."

"चोवीस तास!" शरणम्मा खिडकीच्या गजांना हात लावून म्हणाल्या. "लातुरात चोवीस तास निस्ते क्लास चालतेत बाई, पाणी न्हाई."

वसंतराव पुन्हा हसले. मग इंदूताईंजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "इंदू, आवडलं का खरं सांग. माझं आता काय राहिलंय? किती दिवस, कोण सांगावं. पण तू इथं बसलीस, सकाळचा चहा घेऊन या खिडकीशी, की मला... तुझी शाळा गेली ना, तेव्हा मी काहीच करू शकलो नाही. आता तुझी शाळा तुला परत देऊन राहिलो, असं समज."

इतक्या वर्षांत या माणसानं शाळा गेल्याचा विषय आज पहिल्यांदा काढला होता, आणि तोही असा, हातात भेट धरून. इंदूताईंच्या ओठांवर आलेलं 'नाही' पुन्हा आत गेलं.

त्यांना त्र्याण्णवचा तो दिवस आठवला. तो आठवला नाही असा एक दिवस गेला नव्हता म्हणा.

गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटेच्या अंधारात जमीन हलली. किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. लातुरात पडझड थोडी, पण दगडाची भीती अशी बसली की पक्क्या घरांतली माणसंही अंगणात पत्रे ठोकून झोपायला लागली. मुलींना दगडी छताखाली पाठवणार नाही, असं आईबापांनी सांगून टाकलं. वसंतराव तेव्हा ढिगारे उपसायला गेले होते. परत आले ते न बोलणारा माणूस होऊन. भात वाढला की भाताकडे बघत बसायचे. देविका लहान होती, ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची, तर तिच्या पाठीवर हात ठेवायचे आणि विसरून जायचे. एका सकाळी आपणहून बोलले ते एवढंच, "दहावीच्या मुलींना आपल्या पत्र्याखाली बोलाव. परीक्षा आहे त्यांची."

मुली आल्या. पाट, पोती, सतरंज्या घेऊन आल्या. फी नव्हती, काही नव्हतं. इंदूताई स्वतः घरोघर जाऊन आयांना सांगून आल्या होत्या.

दिवाळी झाल्यावर सरकारी इंजिनिअर शाळा तपासायला आला. मुख्याध्यापिका रजेवर, म्हणून कारभार इंदूताईंकडे. त्यानं शिडी मागितली. शरणम्मांनी शिडी धरली. तो भिंतींवर हातोडी वाजवत, सांधे उकरत अख्खी इमारत फिरला आणि खाली उतरून हात झटकत म्हणाला, "बाई, ही चुन्यात बांधलेली आहे, मातीत नाही. हिला काहीही झालेलं नाही. खुशाल उद्यापासून शाळा भरवा. कागद येईल मागाहून."

इंदूताई जवळजवळ धावतच घरी गेल्या होत्या. फाटक उघडलं आणि पत्र्याखालून हसण्याचा आवाज आला. मुलींचा, आणि त्यात एक जाडाभरडा, अनोळखी वाटावा असा. वसंतरावांनी भूमितीची आकृती उलटी काढली होती आणि मुलींनी ती पकडली होती. केसांत खडूची पूड, डोळ्यांत हसून हसून पाणी. भूकंपानंतर तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हसत होता.

इंदूताई फाटकाशीच थांबल्या. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शरणम्मांनी विचारलं, "बाई, पोरींना कवा सांगताय?" "सांगते," इंदूताई म्हणाल्या. शरणम्मांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

कागद आला तोपर्यंत संक्रांत होऊन गेली होती. खालचे वर्ग परत भरले. दहावीचे आईबाप म्हणाले, आता परीक्षा आली, राहू द्या सरांकडंच. जूनमध्ये त्या पत्र्याखालच्या मुली गुणवत्ता यादीत आल्या, आणि पुढच्या वर्षी फाटकाशी रांग लागली. त्यात मुलगेही होते. एका बापानं बळंच पैसे ठेवले. मग वसंतरावांनी राजीनामा दिला. पत्र्याचा हॉल झाला, हॉलवर मजले चढले. मुली नाव शाळेत घालायच्या आणि बसायच्या क्लासला. नंतर नावही घालेनात. इंदूताई शाळेत हजेरी घ्यायच्या, घरी येऊन क्लासच्या पोरांना पाणी द्यायच्या, आणि दोन्हीकडं गप्प राहायच्या.

"मॅडम, ही भिंत बघा," वर्षाराणीनं भिंतीवर तळहात आपटला. गिऱ्हाईक घुटमळतंय हे तिला कळलं होतं, आणि आता तिनं हुकमाचं वाक्य काढलं. "ओरिजिनल आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात एक चिरा हलला नाही. आम्ही मुद्दाम जुने सरकारी कागद काढून पाहिले. तेव्हाच पास झालेली इमारत आहे ही."

बोलून झाल्यावर ती जरा थबकली. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलींना कधीकधी पुढच्यांपेक्षा जास्त ऐकू येतं.

"पण सर... तुम्ही तर भाषणात सांगायचात, इमारत धोक्याची झाली होती म्हणून क्लास सुरू केला. आम्हाला पाठ होतं ते."

वसंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, नुसतं राहिलं.

"हो, म्हणजे... त्या वेळी कुणाला काय माहीत? घबराट होती. पुढं तपासणी झाली, कळलं. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. काय शरणम्माबाई?"

शरणम्मांनी तोंड उघडलं. इंदूताईंना ते स्पष्ट दिसलं. उघडलं, आणि मग इंदूताईंकडे एक नजर टाकून त्यांनी ते मिटलं. वळून त्या खिडकीचे गज चाचपायला लागल्या.

"हाव. कुणाला ठावं तवा," त्या म्हणाल्या. "गज मात्र जुनेच हायत बघा. रंग लावलाय निस्ता."

इंदूताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. जुन्या वायलच्या पातळातली ती वाकलेली पाठ. शिडी धरून उभी राहिलेली. मुदखेडला गेलेली. सुट्टीत येऊन घरात गमती सांगणारी. आणि आज इथं, या लिंबांच्या ओट्यापाशी, आपल्यासाठी खोटंही बोललेली. आपण काही मागितलंही नव्हतं. कधीच मागितलं नव्हतं. ही बाई आपणहूनच देत आली होती, आणि आपण घेत आलो होतो.

"मला माहीत होतं," इंदूताई म्हणाल्या.

"काय?" वसंतराव म्हणाले.

"इमारत पक्की आहे हे. दिवाळी झाली तेव्हाच. इंजिनिअरनं मला सांगितलं, उद्यापासून शाळा भरवा. शरणम्मा होत्या तिथं. त्यांनी शिडी धरली होती."

"बाई, ऱ्हाऊ द्या की आता," शरणम्मा खिडकीकडंच तोंड करून म्हणाल्या.

"मी सांगायलाच घरी आले होते. तुम्ही पत्र्याखाली हसत होता. इतक्या दिवसांनी हसत होता. मला वाटलं, मुली गेल्या की हे पुन्हा भाताकडे बघत बसतील. म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला नाही, आयांना नाही, कुणालाच नाही."

वर्षाराणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून उभी होती. तो वाजू नये एवढीच तिची धडपड चालली होती. वसंतराव ओट्याला टेकले. त्यांचा हात छातीशी गेला आणि इंदूताई घाबरून पुढं झाल्या, पण ते फक्त खिशातला रुमाल शोधत होते.

"मग कागद आला तेव्हा?" त्यांनी विचारलं, पण उत्तर नकोच असल्यासारखा त्यांचा आवाज होता. "तेव्हा मीही म्हणालो होतो ना, की आता परीक्षेपर्यंत राहू दे?"

"हो."

"आणि पुढच्या जूनला?"

"पुढच्या जूनला फाटकाशी रांग होती."

"चल इंदू. खाली जाऊ. या मुलीचा वेळ... आपण घरी बोलू."

"घरी नाही बोलत आपण," इंदूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा लागला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "तुम्ही म्हणालात, तुझी शाळा तुला परत देतो. हे घर मला नको. ती एकटी माझी नव्हती. शरणम्मांची होती, त्या मुलींची होती. भूकंपानं तिचा चिरासुद्धा हलला नाही. आपण नेली तिला, अहो, आपल्या अंगणात. आणि नेली ती परत आणून दिली नाही."